अप्पांची कासनी

आमच्या नळदुर्गात काविळीवरच्या कासनीचा पाला हातात घेऊन कुणी निघालं की त्या घरात कोण शिंदी पितं हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. कावीळ कुणालाही होते, तान्ह्या लेकराला होते, बाळंतिणीला होते. पण कासनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ओढ्याकाठचा शिंदीखानाच उभा राहायचा. मी नुकतीच लुगडं नेसू लागले होते त्या वर्षी रोज सकाळी हकीमसाहेबांच्या घरून ह्या पाल्याची जुडी आणायचं काम माझ्याकडं आलं. ती जुडी माझ्या वडिलांसाठी असायची.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते खायच्या पानांचा व्यापार करत. गावाभोवतीच्या पानमळ्यांतून पानं घ्यायची, केळीच्या सोपटात बांधायची, ओल्या फडक्यानं झाकायची आणि करंड्या सोलापूरच्या मोटारीवर चढवायच्या. बोलायला लागले की समोरचा माणूस आपण कशाला आलो होतो ते विसरून जायचा. निझामाच्या कचेरीतले उर्दू बोलणारे कारकून असोत की अक्कलकोटाकडचे कानडी शेतकरी, सगळ्यांशी ते त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा. आणि संध्याकाळी शिंदी.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात कांद्याचा वाससुद्धा श्रावणात चालत नसे. त्या श्रावणातल्या एका सोमवारी मठातले स्वामी पाद्यपूजेला यायचे होते. दर वर्षी येत. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, पहाटे उठून सोपा सारवला, चौरंग मांडला, तांब्याच्या घंगाळात पाणी भरून ठेवलं. स्वामी गल्लीत आले. आमच्या शेजारच्या घरी गेले, तिथली पूजा घेतली, बाहेर आले आणि आमच्या दारावरून पुढं निघून गेले. त्यांच्यामागून चालणाऱ्या माणसांनी आमच्या उघड्या दारातून आत पाहिलं, चौरंग पाहिला आणि मान वळवली. अव्वानं घंगाळ उचललं आणि परड्यातल्या बेलाच्या रोपाला सगळं पाणी घातलं. अप्पा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "बेलाची पूजा झाली म्हंजे शिवाचीच झाली की." मी दार लोटून घेतलं.

दिवाळीनंतर अप्पांचे डोळे हळदीसारखे झाले. अन्नावरची वासना गेली. मग अव्वा आणि मी त्यांना हकीमसाहेबांकडं घेऊन गेलो. हकीमसाहेब उंच, किडकिडीत, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी नाडी पाहिली, बरगडीखाली यकृतावर बोटं दाबली आणि म्हणाले, "जिगर मोठं झालंय."

अप्पा हसले. "हकीमसाब, माजं जिगर मोठं हाय ह्ये समदं गाव म्हणतं."

हकीमसाहेब हसले नाहीत. "गाव म्हणतं ते वेगळं. हे मोठं झालंय ते वाईट झालंय. शिंदी बंद. आणि रोज सकाळी कासनीचं पाणी."

त्यांच्या अंगणात कासनीचा एक पूर्ण वाफा होता. थंडीच्या त्या दिवसांत नुसती पानंच होती, मुळ्याच्या पाल्यासारखी जमिनीलगत पसरलेली. तोडली की देठातून दुधासारखा चीक यायचा. घरी आणून तो पाला वाटायचा, फडक्यातून पिळायचा, रस मंद आचेवर ठेवायचा. थोड्या वेळानं नासलेल्या दुधासारखा तो फाटे. हिरवा चोथा वर येई. खालचं पिवळसर पाणी गाळून अप्पांना द्यायचं. कडू जहर. अप्पा एका दमात पीत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, "शिंदी ह्याच्यापरीस बरी होती."

पाला आणायला जायचं म्हणजे बाजारपेठेतून जायचं. मी जुडी पदराखाली धरायची, तरी दोनचार पानं बाहेर डोकावायचीच. आडावरच्या बायका बघायच्या. एकदा आमच्या गल्लीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "काय गं, अप्पाचं डोळं पांढरं झालं का अजून पिवळंच हायती?" आडावर चार बाया होत्या. त्यांच्या हातातले दोर थांबले.

"अव्वासाठी नेते," मी म्हणाले. "तिला ऊन लागलंय."

पौषातल्या थंडीत ऊन. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. संध्याकाळी ती म्हातारी दोन लिंबं घेऊन आमच्याकडं आली. "तुला ऊन लागलं म्हणं," ती अव्वाला म्हणाली. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. मग लिंबं हातात घेतली आणि म्हणाली, "व्हय मावशी. लई लागलंय." म्हातारी गेल्यावरही ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी पेठ सोडली आणि किल्ल्याच्या भिंतीकडून, काट्याकुट्यांतून हकीमसाहेबांच्या मागच्या दारानं जायला लागले. त्यांची बायको, आम्ही तिला खाला म्हणायचो, एक दिवस वाफ्यात बसली होती. म्हणाली, "बेटी, पुढचं दार उघडं असतं. तू मागनं का येतीस?"

मी खाली बघत राहिले. माझ्या लुगड्याच्या काठाला कुसळं अडकली होती. तिनं ती पाहिली असावीत. खुरप्यानं तिनं रोपांभोवतीची माती सैल केली, गाजरासारखी लांब मुळं असलेली काही रोपं उपसली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"घरीच लाव. दर साल लावायला लागत नाही, मूळ जमिनीत राहतं. पण हिला ऊन पायजे बघ. सावलीत लावलीस तर मरंल."

मी जवळजवळ पळतच घरी आले. आता कुठं जायला नको, कुणाला दिसायला नको. अव्वानं ती रोपं परड्यात, बेलाशेजारी लावली. पण परड्यावर शेजाऱ्यांच्या चिंचेची सावली दिवसभर असे. आठवड्यात पानं पिवळी पडली. आमच्या घराला ऊन एकाच ठिकाणी येई. पुढच्या ओट्याच्या बाजूला, रस्त्यालगत. अव्वा कितीतरी वेळ परड्यात उभी राहिली. मग तिनं रोपं काढली आणि पुढं नेऊन झेंडूच्या रांगेत अशी बसवली की येणाऱ्याजाणाऱ्याला झेंडूच दिसावा.

वर्षभर ते साधलं. नुसता पाला ओळखू येत नव्हता. अप्पांचे डोळे निवळले, भूक लागू लागली. शिंदी कमी झाली, गेली मात्र नाही. सोलापूरला माल धाडला की त्या संध्याकाळी ते उशिरा येत आणि अव्वा ताटावर बसून राही.

पुढच्या फाल्गुनात झेंडू वाळून गेला आणि कासनीला कंबरेएवढे दांडे आले. एका सकाळी दार उघडलं तर ओट्याची सगळी बाजू निळी झालेली. जवसाचं फूल असतं तसा निळा रंग, पण फूल मोठं, पाकळ्यांची टोकं कातरलेली, दांड्याला घट्ट चिकटलेलं. ऊन वर येईल तशी फुलं उघडायची आणि मध्यान्हीला मिटायची. दुसऱ्या दिवशी नवी. आणि त्यांच्यावर मधमाश्या. सबंध गल्लीत त्या दिवसांत दुसरं फुललेलं काही नव्हतं. गावातल्या सगळ्या माश्या आमच्या दारात यायच्या.

अव्वा विचारणाऱ्याला सांगे, "जवस हाय." ज्यानं जवस पाहिलेलं नाही असा एकही माणूस आमच्याकडं नव्हता.

अप्पांना मात्र त्या फुलांचं भारी कौतुक. सकाळी ओट्यावर बसायचे, पानं निवडत निवडत माश्या बघायचे. मला हाक मारायचे. "ये की, बघ. कशा टायमाला येत्यात, टायमाला जात्यात. घड्याळ न्हाय का काय न्हाय. माज्यापरीस शानी जात हाय ही." आणि रस्त्यानं कुणी चाललं की, "आवो, बसा की घडीभर! माजं औषध फुललंय, बघून तर जावा!"

मी आत दाराआड उभी असायचे. वाटायचं, ह्या माणसाला लाज कशी नाही? त्यांची लाज आम्ही दोघींनी वाटून घेतली होती आणि ते मोकळे होते, असं मला वाटे. देवानं त्यांना एकदा तरी लाजवावं, असंही कधी कधी मनात येई.

त्याच फाल्गुनात माझ्या मामानं मुरूमचं एक स्थळ आणलं. घराणं मोठं, कापडाचं दुकान, मठात मान. मुलाची आई आणि चुलते मला बघायला येणार होते. अव्वानं अप्पांच्या पुढ्यात बसून सांगितलं, "एवढे दोन दिवस कुठं जाऊ नका." ते गेले नाहीत. त्या सकाळी त्यांनी आंघोळ केली, विभूती ओढली, धुतलेलं धोतर आणि नवा फेटा घातला. इतके नीटनेटके दिसत होते की मला क्षणभर बरं वाटलं.

अव्वा मात्र दारातून फुलांकडं बघत होती. "खुड समदी," ती मला म्हणाली. "एक ठिवू नगंस."

आम्ही दोघींनी मिळून सगळी फुलं खुडली. माश्या हातांवर, बांगड्यांवर बसत होत्या, चावत नव्हत्या. एक पाटी भरली. रस्त्यावर टाकावीत तर दिसणार, परड्यात न्यावीत तर वेळ नाही. वळणावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आलाच होता. अव्वानं पाटी सैपाकघरात नेली आणि वर सूप झाकलं. अप्पा ओट्यावरून हे सगळं बघत होते. नागव्या दांड्यांवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि आत आले.

पाहुणे सोप्यात बसले. मी मुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या ताटल्या घेऊन गेले, पाया पडले, खाली मान घालून बसले. मुलाच्या आईनं मला सैपाकाचं विचारलं, मी उत्तरं दिली. तिचा आवाज मऊ होता. मामा माझ्याकडं बघून मान हलवत होता, म्हणजे जमतंय.

तेवढ्यात एक मधमाशी ताटलीवर येऊन बसली. मग दुसरी. फुलांबरोबर पाटीत आलेल्या माश्या सुपाच्या फटीतून बाहेर पडल्या होत्या, आणि बाहेरच्या, फुलं हरवलेल्या, दारातून आत येत होत्या. चुलत्यांनी उपरण्यानं हवा घातली. "घरात पोळं हाय का काय?" ते म्हणाले.

"न्हाय, न्हाय," मामा घाईनं म्हणाला. "आमराईतनं येत असतील."

आमच्या आसपास आमराई नव्हती. मुलाच्या आईनं पदर झटकला आणि एकदम "अव्वव्वा" करून हात दाबून धरला. बोटाला माशी चावली होती. अप्पा उठले. पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यांनी अव्वाकडं दिला आणि अव्वानं तो पाहुणीच्या बोटाला लावला. लावता लावता ती सैपाकघराकडंच बघत होती. अप्पांनी ते पाहिलं. मग ते आत गेले, पाटी घेऊन आले आणि सोप्याच्या मधोमध ठेवली. सूप बाजूला केलं. निळी फुलं, अर्धी कोमेजलेली, आणि त्यांच्यावर माश्या.

"पावणं, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "ह्या माश्या ह्या फुलामागं आल्यात. कासनी हाय ही. माज्या जिगराचं औषध. म्या शिंदी पीत होतो. आता लई कमी केलीय. पोरीनं फुलं खुडली ती माजी अब्रू झाकाया. पोरीत काय खोट न्हाय."

माश्यांचा तेवढा आवाज. माझं तोंड इतकं तापलं होतं की डोळ्यांत पाणी यायलासुद्धा जागा नव्हती. चुलत्यांनी ताटली खाली ठेवली. मुलाच्या आईनं मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातावरूनच मला कळलं की हे जमणार नाही.

पुढच्या बाजाराला मामा निरोप घेऊन आला. पोरगी पसंत आहे, पण घर नको. अप्पांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "कमी केलीय कशाला म्हणायचं? सोडलीय तरी म्हणायचं होतं."

"सोडली न्हवती," अप्पा म्हणाले.

मामा गेल्यावर अव्वा चुलीकडं तोंड करून म्हणाली, "खरं बोलाया तुमाला त्योच एक दिस सापडला." आयुष्यात नवऱ्याला तिनं एवढंच वाकडं बोललेलं मी ऐकलं.

त्या दिवसापासून अप्पांनी शिंदी सोडली. पुरती. पण बरोबर दुसरंही सगळं सोडलं. ओट्यावर बसेनासे झाले. मळ्यात जायचं तर मागच्या बोळानं, फेटा कपाळावर ओढून. मोटारीवर माल चढवायला शेजाऱ्याला पाठवू लागले. कुणी हाक मारली तर "व्हय, व्हय" म्हणून आत सरकायचे. मी पूर्वी ज्या भिंतीच्या कडेनं चोरासारखी जायचे, तिथून एकदा मला ते येताना दिसले. धोतराला कुसळं चिकटलेली. त्यांनी मला पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. मी देवाकडं जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

वर्षानं माझं लग्न येणेगूरला ठरलं. बघण्याचा कार्यक्रम मामाच्या गावी केला. आमच्या घरी पाहुणे आलेच नाहीत. मुलाची आई विधवा होती, तेलाचं दुकान तीच बघायची. लग्न नळदुर्गात, मठासमोर. आदल्या दिवशी अप्पा अव्वाला म्हणाले, "म्या मांडवात येत न्हाय. पुन्यांदा काय झालं तर? ताप हाय म्हनून सांगा. मामा हाय की सगळं कराया."

अव्वा रडली. पण "चला" असं म्हणाली नाही. मी दाराशी उभी होते, मीही म्हणाले नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. ते वाटलं त्याच क्षणी मला माझीच शिसारी आली, पण वाटलं हे खरं.

अक्षता पडल्या. बापाचं जे करायचं ते मामानं केलं. अप्पांना ताप आल्याचं सासूबाईंना सांगितलं, त्या "बरं" म्हणाल्या. दुपार कलल्यावर आम्ही छकड्यातून निघालो. सासूबाई, माझे यजमान, मी आणि गाडीवान. जळकोट मागं पडलं. पुढं एका लिंबाखाली कुणीतरी बसलेलं दिसलं. गाडी जवळ आली तसा तो माणूस उठला, दोन पावलं पुढं आला आणि परत मागं सरला. हातात पानांची करंडी होती.

"कोन गं ते?" सासूबाई म्हणाल्या. "तुज्याकडंच बघायलंय."

मान खाली घालून मी म्हणाले, "अप्पा हायत माजे."

"त्येंला ताप हाय म्हणं?"

सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. "व्याही," त्यांनी हाक मारली, "उनात का उभं? वर या."

"न्हाय, न्हाय. पानं द्यायची राहिली होती," अप्पा म्हणाले. "तेवढ्यासाठी आलतो." यजमान खाली उतरले आणि त्यांच्या पाया पडायला वाकले. अप्पांनी पाय मागं घेतले. "माज्या नगं, माज्या नगं," असं म्हणत ते झाडाच्या बुंध्यापर्यंत सरकले. पायांत वहाणा होत्या, पण पोटऱ्यांपर्यंत धूळ. सकाळपासून चालत आले होते.

"ताप उतरला का?" सासूबाईंनी विचारलं.

"ताप न्हवताच, बाई. लाज वाटत होती."

"मंग बसा गाडीत. लाज काय पायी चालल्यानं उतरती व्हय?"

अप्पा गाडीच्या मागच्या टोकाला, पाय बाहेर सोडून बसले. मग सासूबाईंनी करंडीतलं पान उचलून विचारलं, "ह्ये एवढं पातळ कसं?" आणि अप्पा सांगू लागले. कुठल्या मळ्याचं, कुठल्या वेलाचं, पाणी कधी तोडायचं, सोलापूरचा एक व्यापारी कसा डोळे मिटून नुसत्या बोटानं पान ओळखतो आणि कसा एकदा फसला. सासूबाई हसल्या. गाडीवान हसला. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. पदराआड मी ओठ दातात धरून बसले होते.

येणेगूरच्या शिवेवर अप्पा उतरले. गावात येत नाही म्हणाले, कुणाचं ऐकलं नाही. मला हाक मारून थांबवावंसं वाटलं, पण नव्या नवरीनं सासरच्या गाडीतून हाक मारायची नसते. ते आल्या वाटेनं परत चालू लागले.

गाडी हलल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, एक सांगायचं राहिलंय. अप्पा शिंदी प्यायचे."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "तुज्या मामानं पयलंच सांगितलं व्हतं. म्या म्हणलं, बापाचं बाप बघंल, मला पोरगी पायजे. आता सोडलीय म्हणं न्हवं?"

"व्हय."

"मंग आज मांडवात का न्हवते ते, ह्येच मला कळंना."

मामानं त्यांना सांगितलं होतं, आणि सांगितलंय हे आम्हाला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता. मुलीच्या लग्नात माझे अप्पा विनाकारण उन्हातून चालत येऊन एका लिंबाखाली बसून राहिले होते.

ते नंतर चार वर्षं जगले. माझी पहिली मुलगी झाली तेव्हा येणेगूरला आले, ह्या वेळी घरापर्यंत. सासूबाईंशी बोलत ओट्यावर बसले. मी आतून त्यांचा आवाज ऐकत होते. पुढं निझामाच्या राज्यातल्या धामधुमीच्या दिवसांत अप्पा आणि अव्वा हद्द ओलांडून सोलापूरला गेले आणि तिथंच अप्पा वारले. मला निरोप पोचला तोवर त्यांचे दिवस होऊन गेले होते. सासूबाईंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. येणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या दारातून सांगत होत्या, "आमचे व्याही गेले. लई बोलका माणूस."